बारभाईंचे संकेतस्थळ

एखाद्या कामात पुष्कळ माणसे शिरली आणि कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही अशी अवस्था झाली, की आपण त्याला 'बारभाईंचा कारभार' म्हणून मोकळे होतो. वास्तविक मूळच्या बारभाईंवर हा थोडा अन्यायच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर नाना फडणीस, सखारामबापू बोकील आदी मुत्सद्दी एकत्र आले आणि १७७४ मध्ये जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने त्यांनी राज्याचा गाडा हाकला. राघोबादादांसारखा दावेदार समोर उभा असताना हाकला, हे विशेष. तरीही लोकांच्या तोंडी राहिला तो गोंधळच! पुष्कळांनी मिळून केलेले काम विस्कळीत होणारच, ही समजूत आपल्या मनात किती खोल रुजली आहे, याचेच हे गमक म्हणावे लागेल.

ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार मी आजच्या काळातल्या एका अगदी साध्या कामाच्या निमित्ताने करणार आहे. ते काम म्हणजे स्वयंसेवकांनी चालविलेल्या मुक्त आज्ञावलीचे संकेतस्थळ ताजे ठेवणे. मी याच महाविद्यालयाचा जुना विद्यार्थी. नोकरीच्या निमित्ताने बडोद्यास आलो आणि शहराच्या दक्षिणेला, मकरपुऱ्याजवळच्या तरसालीत स्थायिक झालो. येथील काही मित्रांबरोबर अशा एका लहानशा आज्ञावलीच्या कामात माझा हात आहे. विषय वरवर पाहता रुक्ष वाटेल. परंतु सामुदायिक काम टिकते कशाने आणि मोडते कशाने, याचे धडे त्यात जितके स्पष्ट दिसतात तितके ते अन्यत्र क्वचितच दिसतात.

मुक्त आज्ञावली म्हणजे काय?

आज्ञावली म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची मालिका. व्यवहारात आपण तिला प्रोग्रॅम म्हणतो. बाजारात मिळणारी बरीचशी आज्ञावली ही हलवायाच्या दुकानातल्या मिठाईसारखी असते. मिठाई विकत मिळते, कृती मिळत नाही. मुक्त आज्ञावलीत मिठाईबरोबर कृतीही मिळते, आणि 'ही कृती वाचा, हवी तर बदला, इतरांना द्या' अशी लेखी परवानगीही मिळते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि या विचाराला चळवळीचे रूप आले. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. आज आपल्या हातातले अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतात.

अशा प्रकल्पांत काही ठिकाणी पगारी माणसे असतात, पण असंख्य लहान प्रकल्प केवळ हौशी मंडळींच्या फावल्या वेळावर चालतात. प्रकल्प कोठेही असो, त्याचा दरवाजा एकच, तो म्हणजे त्याचे संकेतस्थळ. आज्ञावली कोठून घ्यावी, ती संगणकावर कशी बसवावी, नवी आवृत्ती कधी आली, चूक आढळल्यास कोणास कळवावे, हे सारे वापरणाऱ्याला तेथेच कळते. घर कितीही भक्कम बांधले आणि दारावरची पाटी चुकीची लावली, तर पाहुणा भलत्याच घरी जायचा.

आचारी आणि आचार्य

आमच्या आज्ञावलीचे काम असे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत टंकलिखित होत असे. प्रत्येक फाँटाची अक्षरांची मांडणी वेगळी. मूळ फाँट संगणकावर नसेल, तर मजकुराच्या जागी निव्वळ चिन्हांची रांगोळी दिसते. बडोद्यात मराठी मंडळांची कमतरता नाही. त्यांचे अहवाल, वार्षिकांक, स्मरणिका अशा जुन्या फाँटांत अडकून पडलेल्या आहेत. तो मजकूर युनिकोडमध्ये आणणारी ही आज्ञावली.

मराठीतल्या 'र'च्या दोन रूपांनी या कामात मोठी मौज केली. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. 'आचार्यास' नमस्कार करावयाचा आणि 'आचाऱ्यास' जेवणाचा बेत सांगावयाचा. आमच्या जुन्या आवृत्तीला हा भेद कळत नव्हता. ती सरसकट रफार देई. पुढे ही चूक दुरुस्त झाली, नवी आवृत्ती तयार झाली, आणि तरीही संकेतस्थळावर दुवा राहिला तो जुन्याच आवृत्तीचा.

याचे कारण असे. ज्या स्नेह्यांनी ही आज्ञावली सुरू केली तेच आठ वर्षे संकेतस्थळही एकट्याने सांभाळत होते. घरी आईचे दुखणे आले आणि त्यांना संगणकापुढे बसण्यास सवड उरली नाही. पासवर्ड त्यांच्याजवळ, कोणते पान कोठे आहे याची माहिती त्यांच्याच डोक्यात. चौदा महिने स्थळ जसेच्या तसे राहिले. त्या काळात एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी आपल्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेची तीनशे पाने त्या दुव्यावरून घेतलेल्या जुन्या आवृत्तीने बदलून घेतली. छापून आल्यावर पंगतीच्या वर्णनात आचाऱ्यांचे आचार्य झालेले त्यांना दिसले. बाईंनी हसून पत्र पाठवले खरे, परंतु पत्राच्या शेवटी एक वाक्य होते: 'दुरुस्ती झाली होती तर ती आम्हांला दिसेल अशी का ठेवली नाही?' हे पत्र आले त्या सुमारास मी या कामात सामील झालो, आणि तो प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे.

येथे दोष त्या स्नेह्यांचा नव्हे. आठ वर्षे विनामूल्य काम करणाऱ्या माणसाला आईची शुश्रूषा करण्याचा अधिकार नाही काय? दोष रचनेचा होता. नवी आज्ञावली लिहिण्यात आनंद असतो, नाव होते, कौशल्य दिसते. पानावरची तारीख बदलण्यात यातले काहीच नाही. हे काम देवळाच्या पायऱ्या झाडण्यासारखे असते. झाडल्या तर कोणी पाहत नाही, न झाडल्या तर सर्वांना दिसते. म्हणून ते बहुधा एकाच सोशिक माणसाच्या गळ्यात पडते आणि तो थकला की थांबते. मग ते वाटून कसे घ्यावे? जगात याची जी उत्तरे शोधली गेली त्यांपैकी दोन येथे पाहू.

पहिले उत्तर : दार सर्वांना उघडे

वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ मध्ये वाचकालाच बदलता येईल असे संकेतस्थळ तयार केले. हवाई बेटांच्या भाषेत 'विकी' म्हणजे झटपट. होनोलुलूच्या विमानतळावरील बसगाड्यांना 'विकी विकी' म्हणत, त्यावरून त्यांनी हे नाव घेतले. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेला विकिपीडिया हा याच कल्पनेचा विस्तार. आणि १ मे २००३ या महाराष्ट्रदिनी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. कन्नड विकिपीडियाही त्याच वर्षीचा. ज्या आज्ञावलीवर तो चालतो ती 'मीडियाविकी' स्वतः मुक्त आहे, आणि तिच्यातील कळी व सूचना मराठीत आणण्याचे कामही स्वयंसेवकांनीच केले आहे.

या मंडळींनी घडवलेली परिभाषा पाहण्यासारखी आहे. जेथे सर्वांनी बोलावयाचे ती 'चावडी'. नवशिक्याने हात साफ करावयाची ती 'धूळपाटी'. सांगितलेले काम निमूटपणे करणारा यांत्रिक सदस्य तो 'सांगकाम्या'. व्यवस्था पाहणारा तो 'प्रचालक'. इंग्रजी शब्दाचे ओझे कोठेही नाही, आणि प्रत्येक शब्द आपले काम सांगतो.

दार सर्वांना उघडे म्हटल्यावर गोंधळ का होत नाही? कारण प्रत्येक पानामागे त्याचा इतिहास असतो. कोणी, कोणत्या दिवशी, कोणता शब्द बदलला याची नोंद राहते आणि बिघडलेले पान क्षणात पूर्वस्थितीला आणता येते. व्यापाऱ्याच्या कीर्दीप्रमाणे येथे खोडाखोड नाही. नोंद चुकली तर दुसरी नोंद करून ती सुधारावयाची. शिवाय 'अलीकडील बदल' या पानावर कोणालाही पहारा ठेवता येतो. चूक करणे सोपे आहे, परंतु ती सुधारणे त्याहून सोपे आहे. सारी भिस्त या एका गोष्टीवर आहे.

या पद्धतीने आणखी एक महत्त्वाची गोष्ट शिकवली. पूर्वी प्रत्येक भाषेतील लेखाच्या तळाशी त्याच विषयावरील इतर भाषांतील लेखांची यादी लिहावी लागे. समजा, एका विषयावर पन्नास भाषांत लेख आहेत. प्रत्येक लेखात इतर एकोणपन्नास दुवे, म्हणजे एकूण २,४५० नोंदी! कन्नडमध्ये एका लेखाचे नाव बदलले की बाकी एकोणपन्नास ठिकाणी दुरुस्ती. सांगकामे रात्रंदिवस हेच करीत. ऑक्टोबर २०१२ मध्ये 'विकिडेटा' सुरू झाला आणि २०१३ मध्ये हे सारे दुवे तेथे एका ठिकाणी आले. २,४५० नोंदींचे काम पन्नासांवर आले. म्हणजेच काम वाटून घेण्यापूर्वी ते कमी करता येईल का, हे पाहावे. एक माहिती एकाच जागी ठेवावी आणि इतर पानांनी ती तेथून उचलावी. आवृत्तीचा क्रमांक चार पानांवर चार वेळा लिहिला, तर त्यातला एक शिळा होणारच.

दुसरे उत्तर : दार राखलेले, पण पायरी सर्वांची

प्रत्येक स्थळाला विकीची रीत मानवत नाही. जेथून लोक आज्ञावली उतरवून घेतात, तेथे वाटेल त्याला बदल करू देणे धोक्याचे. येथे दुसरी पद्धत वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये 'गिट' नावाचे साधन लिहिले. त्यात संकेतस्थळाची सगळी पाने एका भांडारात असतात. ज्याला बदल सुचवावयाचा तो स्वतःच्या प्रतीत बदल करतो आणि प्रस्ताव पाठवतो. दुसरा कोणी तो वाचतो, शंका विचारतो, आणि पटल्यावर मुख्य प्रतीत मिळवून घेतो. मिळवणी झाली की यंत्र आपोआप नवी पाने तयार करून मांडते. आपल्या अंकाचेच उदाहरण घ्या. लेखक लिहितो, प्राध्यापक तपासतात, मुद्रिते वाचली जातात आणि मग छपाई होते. फरक इतकाच, की तेथे हे वर्षातून एकदा न होता दिवसातून अनेकदा होते.

या पद्धतीचे मला आवडणारे उदाहरण 'डेबियन' या प्रकल्पाचे. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये तो सुरू केला. त्याची वार्षिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्याच देशात, कोचीला भरली होती. डेबियनचे संकेतस्थळ अनेक भाषांत आहे आणि अनुवादक जगभर विखुरलेले आहेत. आता अडचण अशी, की मूळ पान बदलले आणि अनुवाद तसाच राहिला, तर वाचणाऱ्याला कळणार कसे?

आपल्या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. कल्पना करा, की वार्षिक स्नेहसंमेलनाची सूचना प्रथम कन्नडमध्ये लिहिली गेली, मग तिचा मराठी अनुवाद झाला. दोन दिवसांनी तारीख बदलली. कन्नड सूचनेत ती दुरुस्त झाली, मराठीत राहून गेली. मराठी विद्यार्थी जुन्या तारखेला सभागृहापुढे उभा! त्याची भाषा शुद्ध होती, अनुवाद बिनचूक होता, फक्त तो कालचा होता.

डेबियनने यावर साधा उपाय केला. प्रत्येक अनुवादित पानाच्या मूळ फाइलीत, वाचकाला न दिसणारी एक ओळ असते. हा अनुवाद मूळ पानाच्या कोणत्या आवृत्तीवरून केला, याचा क्रमांक तीत नोंदवलेला असतो. यंत्र तो क्रमांक मूळ पानाच्या ताज्या क्रमांकाशी ताडून पाहते. तफावत आढळली तर अनुवादकाच्या यादीत ते पान 'शिळे' म्हणून येते, आणि ती फार वाढली तर वाचकालाही पानावरच सूचना दिसते, की मूळ पान याहून नवे आहे. यंत्र अनुवाद करीत नाही, कोणावर रागावत नाही. काय राहिले आहे एवढेच दाखवते.

असा विचार बडोद्याला अपरिचित नाही. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश सिद्ध झाला. इंग्रजी संज्ञेपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे पर्याय त्यात दिलेले आहेत. रकाने शेजारी शेजारी मांडले, की कोणत्या भाषेची जागा रिकामी आहे ते सांगावे लागत नाही, डोळ्यांनाच दिसते. सामुदायिक कामाची वाटणी अशीच मांडावी, म्हणजे रिकामी जागा लपत नाही.

किल्ल्यांचा प्रश्न

येथवर सारे सोपे वाटले असेल. खरी कसोटी किल्ल्यांची आहे. काम वाटले म्हणजे कधी ना कधी अधिकारही वाटावा लागतो, आणि संकेतस्थळाचा अधिकार ही साधी गोष्ट नाही.

२० फेब्रुवारी २०१६ रोजी 'लिनक्स मिंट' या लोकप्रिय प्रकल्पाच्या संकेतस्थळात घुसखोरांनी शिरकाव केला. त्यांनी प्रकल्पाच्या आज्ञावलीला हातही लावला नाही. उतरवून घेण्याचा दुवा बदलला आणि चोरदरवाजा बसवलेल्या प्रतीकडे वळवला. त्या दिवशी ज्यांनी विश्वासाने त्या दुव्यावर बोट ठेवले त्यांच्या संगणकात चोर घरात घेतल्यासारखे झाले. एका ओळीचा बदल, पण केवढा अनर्थ!

दुसरी घटना याहून बोधप्रद आहे. 'एक्सझेड' ही माहिती दाबून लहान करणारी आज्ञावली लिनक्सच्या बहुतेक सर्व रूपांत वापरली जाते. तिची देखभाल लासे कोलिन हे फिनलंडचे गृहस्थ वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने, मोबदल्याविना करीत. 'जिया टॅन' असे नाव सांगणारी एक व्यक्ती २०२१ पासून मदतीस येऊ लागली. कामे चोख, वागणे सौजन्याचे. २०२२ मध्ये काही अपरिचित नावांनी कोलिन यांना पत्रे येऊ लागली, की तुमच्याने काम होत नाही, दुसऱ्याच्या हाती द्या. थकलेल्या माणसाने हळूहळू अधिकार वाटून दिले. प्रकल्पाच्या संकेतस्थळाची एक शाखाही अशा जागी गेली, की जेथे त्या मदतनिसालाही बदल करता येत. फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तीत त्या व्यक्तीने अत्यंत चतुराईने चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले. त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवला आणि २९ मार्च २०२४ रोजी सारा प्रकार जगापुढे मांडला. कोलिन यांनी लगोलग त्या शाखेचा पत्ता काढून टाकला. मुख्य स्थळ त्यांच्या एकट्याच्या हाती असल्याने ते वाचले.

या घटनेवरून काही जण असा निष्कर्ष काढतात, की अधिकार वाटूच नयेत. मला तो पटत नाही. एकट्याच्या हाती सर्व किल्ल्या होत्या म्हणूनच तो माणूस थकला, आणि थकला म्हणूनच त्याला गाठता आले. वाटणी आवश्यकच आहे. ती डोळसपणे व्हावी. पान लिहिण्याचा अधिकार पुष्कळांना द्यावा, तपासून मिळवण्याचा थोड्यांना, आणि स्थळाचे नाव ज्या खात्यात नोंदले आहे त्या खात्याची किल्ली निदान दोन जुन्या, परस्परांना प्रत्यक्ष ओळखणाऱ्या माणसांकडे असावी. स्वतःचा बदल स्वतःच मंजूर करू नये, हा नियम सर्वांत जुन्या सदस्यालाही लागू असावा. त्यात अविश्वास नाही. सहकारी पतपेढीच्या धनादेशावर दोन सह्या लागतात, तेव्हा खजिनदाराला कोणी चोर समजत नाही.

तरसालीत आम्ही काय केले

आम्ही सातजण आहोत. तरसालीच्या आय. टी. आय.मधून शिकून बाहेर पडलेले दोघे तंत्रज्ञ, एक गृहिणी, एक ग्रंथपाल, एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, आमचे मूळ स्नेही आणि मी. बसून विचार करू लागलो तेव्हा ग्रंथपालबाईंनी त्यांच्या माहेरची, धुळे जिल्ह्यातली फड पद्धत सांगितली. पांझरा आणि आसपासच्या नद्यांवर बंधारे बांधून शेतकरी काही शतके पाणी वाटून घेत आले आहेत. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली, एका फडात एकच पीक. पाणी देणारा पाटकरी वेगळा, पिकाची राखण करणारा जागल्या वेगळा, देखरेख करणारा हवालदार वेगळा, आणि या सर्वांवर पंच. पाट साफ करावयाचा तो सर्वांनी मिळून. 'सगळे मिळून करू' एवढ्यावर ही पद्धत चालली नाही. कोणाचे काम कोणते, हे प्रत्येकाला पाठ होते म्हणून ती चालली.

आम्ही तेच केले. प्रथम संकेतस्थळाची सर्व पाने मोजली. ती एकतीस निघाली. त्यांतली नऊ निरुपयोगी होती, ती काढून टाकली. उरलेल्या बावीस पानांचे तीन गट पाडले. काही पाने घटनेबरोबर बदलतात, उदाहरणार्थ नव्या आवृत्तीची बातमी. काही कालांतराने शिळी होतात, उदाहरणार्थ आज्ञावली बसवण्याच्या सूचना. काही क्वचितच बदलतात, जसे परवान्याचे पान. पहिल्या गटासाठी नियम असा, की जो नवी आवृत्ती सिद्ध करील त्याने पान बदलल्याखेरीज आवृत्ती पुरी झाली असे समजायचे नाही. दुसऱ्या गटातील प्रत्येक पानाला एक पालक नेमला, आणि त्याने तीन महिन्यांतून एकदा ते पान वाचून, त्यातल्या सूचना स्वतः करून पाहून, तळाशी तपासणीची तारीख घालावयाची. काही बदलले नसले तरी तारीख घालावयाचीच. 'तपासले, ठीक आहे' हीदेखील वाचकाला माहितीच असते. तिसऱ्या गटाकडे वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुटीत, सर्वांनी मिळून पाहावयाचे.

याशिवाय दोन नियम केले आणि माझ्या मते तेच सर्वांत उपयोगी ठरले. पहिला नियम : 'या महिन्यात मला जमणार नाही' असे सांगणे हा अपराध नाही, न सांगता राहणे ही अडचण आहे. परीक्षा, लग्नकार्य, आजारपण प्रत्येकाला असते. सांगितले, की त्या पानावर दुसऱ्याचे नाव लागते. दुसरा नियम : आपण जे काम करतो ते दुसऱ्याला करता येईल इतके सविस्तर लिहून ठेवायचे. त्याची परीक्षाही ठरवली. सहा महिन्यांनी पाळ्या बदलायच्या आणि नव्या माणसाने केवळ टिपण वाचून काम करून दाखवायचे. जेथे तो अडला तेथे टिपण अपुरे. पहिल्या फेरीत आमच्या गृहिणी सदस्यांनी एका तंत्रज्ञाच्या टिपणात अकरा ठिकाणी प्रश्नचिन्हे काढली. त्याला आधी जरा झोंबले. परंतु पुढच्या फेरीत त्याच टिपणावरून विद्यार्थिनीने अर्ध्या तासात काम उरकले. आज आमच्यात ते टिपण सर्वांत चांगले समजले जाते.

मूळ स्नेही आज आमच्यात आहेत, आपल्या वाट्याची तीन पाने पाहतात आणि आईला घेऊन फिरायलाही जातात. स्मरणिकेच्या बाईंना आम्ही नव्या आवृत्तीने बदललेला मजकूर पाठवला. छापील प्रतींतले आचार्य काही परत आचारी होणार नाहीत. मंडळाच्या कपाटात ते तसेच राहतील. परंतु बाई आता आमच्या सूचनांच्या पानाच्या पहिल्या वाचक आहेत. त्यांना कळले नाही ते वाक्य आम्ही बदलतो.

विद्यार्थ्यांना दोन शब्द

मुक्त आज्ञावलीच्या कामात भाग घ्यायला प्रोग्रॅम लिहिता आलाच पाहिजे, असा समज महाविद्यालयांत सर्वत्र दिसतो. तो चुकीचा आहे. ज्याला स्वच्छ मराठी किंवा कन्नड लिहिता येते, ज्याला सूचना वाचून 'येथे काहीतरी सुटले आहे' असे म्हणता येते, त्याची या प्रकल्पांना नितांत गरज आहे. मराठी व कन्नड या दोन्ही भाषा जाणणारे विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात जितके आहेत तितके इतरत्र सहसा मिळणार नाहीत. विकिपीडियाच्या धूळपाटीवर आजच हात साफ करता येईल. आपल्या आवडीच्या एखाद्या आज्ञावलीचे सूचनांचे पान वाचून त्यातील शिळी ओळ कळवता येईल. भाषा विभाग आणि संगणक विभाग यांनी मिळून एखाद्या लहान स्थळाची पाने पालकत्वाने घ्यायचे ठरवले, तर ते वर्षभराच्या अनेक प्रात्यक्षिकांपेक्षा अधिक शिकवून जाईल. मात्र आरंभीच ठरवावे, की शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी गेल्यावर ती पाने कोणाच्या नावावर जातील. महाविद्यालयातले उपक्रम बहुधा येथेच खंडित होतात. जूनमध्ये उत्साह, मार्चमध्ये परीक्षा, आणि पुढच्या जूनला किल्ली कोणाकडे आहे हेच कोणाला ठाऊक नसते.

राहता राहिला बारभाईंचा प्रश्न. माणसे बारा असल्यामुळे काम बिघडते, असे मला आता वाटत नाही. ते बिघडते ते कोणता भाऊ काय पाहतो हे कोठेच लिहिलेले नसते, आणि एक भाऊ दमला तर त्याच्या जागी कोणी उभे राहायचे हे ठरलेले नसते, म्हणून. या दोन गोष्टी एका कागदावर लिहून भिंतीला लावायला फार तर एक दुपार लागते. ज्या कोणा विद्यार्थ्यांनी यंदा एखादे मंडळ, भित्तिपत्रक किंवा संकेतस्थळ हाती घेतले असेल, त्यांनी ती दुपार लवकर काढावी.